धाकट्या जावेचा पॅच

चिखलीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत कुणाचं मेमरी कार्ड बिघडलं, लग्नाची शूटिंग उडाली, दुकानातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग उघडेना झालं, की माणसं सरळ धम्मशीलाकडं येत. पाटीवर नाव नवऱ्याचं, प्रेमानंदचं. पण आत शिरणारा आधी विचारणार, वहिनी आहेत का. प्रेमानंद गावोगावी लग्नं शूट करायचा. ते कापून, जोडून, गाणी लावून त्याचा पिक्चर करायचं काम धम्मशीलाचं, आणि उडालेल्या फायली परत आणायचं कामही तिचंच. बुलढाण्याला कम्प्युटरचा डिप्लोमा करून ती या घरात आली तेव्हा अख्ख्या गल्लीत मशीनमधलं कळणारी ती एकटी. सासरे दयाराम, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे की आमची सून मशीनशी बोलते. ती वरून म्हणायची, काहीतरीच काय बाबा. आतून मात्र दिवसभर गार वाटायचं.

मग धाकटा दीर देवानंद याचं लग्न झालं आणि घरात मयुरी आली.

मयुरीत वाईट काय, असं कुणी विचारलं असतं तर धम्मशीलाची पंचाईत झाली असती. पोरगी सुलतानपूरची, शेतमजुराच्या घरातली, स्कॉलरशिपवर इंजिनियर झालेली. उलट बोलणं नाही, कामाचा कंटाळा नाही. थोडं काही वाईट सापडलं असतं तर किती बरं झालं असतं! वाईट माणसाचा नुसता राग केला तरी भागतं, हेवा करायची वेळ येत नाही.

देवानंद साखरखेर्ड्याला शाळेवर मास्तर. तो सकाळी मोटरसायकल काढून गेला, की मयुरी वरच्या खोलीत जाऊन पुण्याच्या कंपनीचं काम करी. तिच्यासाठी वर फायबरची लाइन आली, फिरती खुर्ची आली, इन्व्हर्टर आला. दुकानात इन्व्हर्टर लावू म्हणून धम्मशीला किती वर्षं म्हणत होती! तिथं अजून लाइट गेली की येईपर्यंत हात बांधून बसायचं. आणि सासू रुख्मिणी, गुडघे धरून चालणारी बाई, चहाचा कप घेऊन जिना चढायची. धम्मशीलानं विचारलं तर म्हणे, तिची मिटिंग चालू हाय. धम्मशीलाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इतकी वर्षं दुकान चालवलं, गिऱ्हाइकांची रांग लागली, पण तिचा चहा कुणी दुकानात आणून दिला नव्हता. तिची कधी मिटिंगच नव्हती ना.

बरं, दुसऱ्या एखाद्या जावेचा हेवा पगारापाशी थांबला असता. धम्मशीलाचं दुखणं त्याच्या पुढचं होतं. मयुरी काय काम करते हे घरात एकट्या तिलाच कळायचं.

कम्प्युटरच्या तळाशी जो मूळ प्रोग्राम असतो, ज्याच्यावाचून स्क्रीन, डिस्क, कीबोर्ड काहीच हलत नाही, त्याला कर्नल म्हणतात. लिनक्सचं कर्नल जगभरातली माणसं मिळून लिहितात. कुणीही दुरुस्ती पाठवावी. त्या दुरुस्तीला म्हणायचं पॅच. ती सगळ्यांसमोर ईमेलच्या यादीवर, मेलिंग लिस्टवर, येते, चार जाणकार तिची चिरफाड करतात, आणि त्या भागाचा कारभारी हो म्हणाला तरच ती आत जाते. आत गेली की लिहिणाऱ्याचं नाव तिच्यासोबत कायमचं. धम्मशीला ही यादी डिप्लोमाच्या काळापासून वाचत होती. रिकाम्या दुपारी, कुणाला न सांगता. एक ना एक दिवस आपलंही नाव तिथं येईल असं तिच्या मनात होतं. पण दुकान, स्वयंपाक, लग्नसराई, राहूनच गेलं. आणि ही कालची पोरगी वरच्या खोलीतून बिनधास्त पॅच पाठवत होती.

एका दुपारी मयुरी पेनड्राइव्ह घेऊन दुकानात उतरली. तिनं कर्नलच्या फाइल लिहिण्याच्या कामात एक मोठी सुधारणा केली होती. कारभाऱ्यानं अट घातली होती की जुन्या बत्तीस बिटच्या खऱ्याखुऱ्या मशीनवर कुणीतरी चालवून पाहिल्याशिवाय मी घेणार नाही. आता अशी मशीन राहिलीत कुणाकडं? एक धम्मशीलाकडं होतं, बंद पडलेल्या सायबर कॅफेतून उचललेलं, दुकानाच्या कोपऱ्यात.

"ताई, पाह्यता का चालवून? तुमचं नाव लागते खाली, टेस्टेड-बाय म्हणून."

धम्मशीलानं मान न वळवता सांगितलं, ठेव तिथं. खाली. म्हणजे वर हिचं नाव आणि खाली आपलं. तपासून देणारी, सामान धरणारी. हातातलं काम तिनं दोनदा चुकवलं.

तरी पॅच टाकून मशीन तिनं लावलं. मयुरीनं चाचणीसाठी दिलेली फाइल लहानशी होती. सगळं ठणठणीत. पण धम्मशीला शूटिंगच्या धंद्यातली, तिच्याकडच्या फायली कुठल्या लहान असायला? उत्तमराव म्हणून एक गिऱ्हाईक होतं, त्यांच्या मुलीच्या, राखीच्या, लग्नाचं सबंध रेकॉर्डिंग चार जीबीच्या कितीतरी वर होतं. तिनं त्याची नक्कल काढली आणि शेवटच्या भागात, पाठवणीत, थोडी दुरुस्ती करून सेव्ह केली. मग सुरुवातीपासून लावून पाहिलं. जिथं हळद लागायला पाहिजे होती तिथं राखी आईच्या गळ्यात पडून रडत होती, आणि लगेच मागून हळदीची अर्धी गाणी सुरू. धम्मशीला एकटीच हसली. मग तिच्या लक्षात आलं आपण काय पाहिलं ते.

फाइल म्हणजे कापडाचा लांबच लांब तागा समजा. कुठं कात्री लावायची हे सुरुवातीपासून किती अंतर यावरून ठरतं. फाइलीतल्या त्या अंतराच्या आकड्याला ऑफसेट म्हणतात. नव्या, चौसष्ट बिटच्या प्रोसेसरवर साधा आकडा ठेवायची जागाच इतकी मोठी की अंतर कितीही असो, मावतं. जुन्या बत्तीस बिटच्या प्रोसेसरवर ती निम्मीच. तिथं चार जीबीपर्यंत मोजता येतं, आणि त्यापुढं जुन्या स्कूटरच्या मीटरसारखं पुन्हा शून्यापासून सुरू. म्हणून कर्नल लिहिणारे जुन्या मशीनवर हा एक आकडा मुद्दाम दुप्पट जागेत ठेवतात. मयुरीनं एका ओळीत, क्षणभरासाठी, तो साध्या जागेत ठेवला होता. तिच्या लॅपटॉपवर साधी जागाही मोठीच, तिला कळणार कुठून? जुन्या मशीनवर मात्र चार जीबीच्या पुढं लिहायला गेलं की ते फाइलीच्या तोंडावर जाऊन पडत होतं.

चूक कुठं असणार हे धम्मशीलाला अंदाजानं कळलंच होतं. पॅच उघडून ओळी वाचत गेली आणि ती ओळ सापडली. काय आनंद झाला तिला! इतक्या मोठमोठ्या माणसांच्या नजरेतून सुटलेली चूक चिखलीच्या बसस्टँडमागं बसून तिनं पकडली होती. वर जाऊन सांगावं म्हणून ती उठलीसुद्धा. आणि उठल्या उठल्या तिच्या डोळ्यांपुढं आलं की सांगितलं तर काय होईल. मयुरी ओळ दुरुस्त करील, पॅच आणखी चांगला होईल, आणि नाव मयुरीचं होईल. ती पुन्हा खुर्चीत बसली.

मयुरी खाली आली आणि तिनं विचारलं, चाललं का. धम्मशीला म्हणाली, चाललं.

खोटं कुठं बोलले, असं ती स्वतःला वकिलासारखं समजावत राहिली. तिनं दिलेल्या फाइलवर चाललंच होतं. आणि तिला कुणाचं मोठं वाटोळं नव्हतं करायचं, हेही खरं. तिला वाटलं होतं, यादीवरच्या चौघांपैकी कुणीतरी पकडेलच, हिचे चारचौघांत कान उपटेल, हिचं तोंड एवढंसं होईल. बस. एक चिमटा बसावा एवढीच इच्छा. पण कुणीच पकडलं नाही. खऱ्या मशीनवर तपासलंय म्हटल्यावर सगळे निश्चिंत झाले आणि पॅच आत गेला.

दयारामांनी पेढे वाटले. रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबवून सांगितलं की आमच्या धाकट्या सुनेचं काम आता दुनियाभरच्या कम्प्युटरात बसलं. मयुरीनं आपणहून मोबाइल पुढं केला आणि म्हणाली, यात ताईंचंही नाव आहे. दयारामांनी चष्मा वर-खाली करून शोधलं.

"हो की. हे काय, खाली."

ते मायेनंच म्हणाले. पण तो शब्द धम्मशीलाच्या काळजात जाऊन रुतला. मनातल्या मनात ती म्हणाली, थांबा, कळेल तुम्हाला.

तिथून पुढं तिला चैन पडेना. यादी ती रोज उघडायची. कुणाची तक्रार नाही दिसली की हुरहूर लागायची, आणि दिसेल या विचारानं ती घाईनं बंद करायची. मयुरीला पुण्याची कंपनी कर्नलच्या टीममध्ये पक्कं घेणार अशी बातमी घरात आली त्या दिवशी तर तिनं भरलं ताट सारून दिलं. प्रेमानंदनं विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, पित्त झालंय.

पावसाळा सरत आला तेव्हा तक्रार आली. लिहिणारा कुठल्याशा थंड देशातल्या लहानशा गावचा माणूस होता. गावातल्या म्हाताऱ्यांची गाणी आणि बोलणी वर्षानुवर्षं रेकॉर्ड करून त्यानं एका जुन्या बत्तीस बिटच्या मशीनवर जपून ठेवली होती. नवं कर्नल टाकल्यापासून मोठ्या फायलींच्या शेवटी काही वाढवलं की सुरुवात नासत होती. त्याला उशिरा कळलं. काहींची दुसरी नक्कल त्याच्यापाशी होती, काहींची नव्हती. नासलेलं काही करून परत आणता येईल का, असं त्यानं शेवटी विचारलं होतं.

धम्मशीलानं ते दुकानात उभ्याउभ्या दोनदा वाचलं. याचं उत्तर त्या यादीवरच्या कुणाहीपेक्षा तिला जास्त पक्कं ठाऊक होतं. पुसलेलं परत आणता येतं. ती तर तिची रोजीरोटीच. पण ज्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं ते गेलं. गिऱ्हाइकाला हे सांगायची वेळ आली की तिच्याच्यानं बोलवत नसे. आणि हे तर तिनं होऊ दिलं होतं.

कारभाऱ्यानं सगळ्यांसमोर विचारलं की हे तपासलं होतं ना, मग केवढ्या फाइलवर? धम्मशीलानं कीबोर्ड पुढं ओढला. ती काही लिहिणार इतक्यात मयुरीचं उत्तर आलं. फाइल मी दिली होती आणि ती लहान होती; तपासणारीनं मी सांगितलं तेवढं नीट केलं, दोष सगळा माझा. धम्मशीलाला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. तसं तिला वाटलंही, पण त्याच्या आधी दुसरंच वाटलं. चांगुलपणातही ही बया आपल्या पुढं!

दुपारी मयुरी दुकानात आली. डोळे सुजलेले. कंपनीनं टीममध्ये पक्कं घ्यायचं तूर्त थांबवलं होतं. चूक लवकर निस्तरली तर पाहू म्हणाले होते. पॅच उघडलेला लॅपटॉप तिनं काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, ताई, आता मोठ्या फाइलवर चालवून पाहू, कुठं फाटतंय ते शोधू.

लेकराचा तो चेहरा धम्मशीलाला पाहवला नाही. तिनं लॅपटॉप आपल्याकडं वळवला, खाली खाली गेली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे पाय. इथं जागा कमी पडते. हे बदल."

मयुरीनं ओळ वाचली. तिचा चेहरा एकदम उजळला. मग हळूहळू तो उजेड गेला. तिनं कोपऱ्यातल्या जुन्या मशीनकडं पाहिलं. ते बंद होतं.

"ताई, आपण अजून चालवलंच नाही."

धम्मशीलानं ओळीवरचं बोट काढून घेतलं.

"तुम्हाले पह्यलेच दिसलं होतं?"

"हाव."

धम्मशीला वाट पाहत होती की ही आता ओरडेल, रडेल, सासूला हाक मारील. त्यातलं काही झालं असतं तर तिलाही तोंड सोडता आलं असतं. कप, जिना, इन्व्हर्टर, सगळं बाहेर काढता आलं असतं. मयुरी मुकाट्यानं तिथंच स्टुलावर बसली. तिनं ओळ बदलली, जुनं मशीन सुरू करायला लावलं, राखीचं लग्न पुन्हा चालवून पाहिलं. हळद हळदीच्या जागी, पाठवणी पाठवणीच्या जागी. पाठवायच्या आधी तिनं खाली लिहिलं: रिपोर्टेड-बाय, आणि पुढं धम्मशीलाचं पूर्ण नाव. चूक दाखवणाऱ्याचा मान असतो तो.

धम्मशीला घाईनं म्हणाली की माहं नाव नको लावू.

"ज्याले चूक दिसली त्याचं नाव लावाची रीत हाय, ताई." मयुरीनं बटण दाबलं. "कवा दिसली, ते लिहाची रीत नाही."

आणि लॅपटॉप काखोटीला मारून ती निघून गेली.

दुरुस्ती आत गेली. कारभाऱ्यानं सगळ्यांदेखत लिहिलं की ही चूक शोधणारीची नजर भारी तीक्ष्ण आहे, आम्हा सगळ्यांच्या हातून ती निसटली होती. देवानंदनं ते मोबाइलवर वाचलं आणि मराठीत करून घरभर सांगितलं. आयुष्यभर ज्याची आस धरली ते शब्द हे असे आले. धम्मशीलानं ते स्वतःही कितीदा तरी उघडून वाचले आणि दर वेळी तोंड कडू झालं.

रविवारी सगळे एकत्र जेवायला बसले होते. दयाराम भलतेच खुशीत. म्हणाले, धाकटीचं झालं, आता मोठीचं. पुढच्या वंदनेला विहारात मोठ्या सूनबाईंना शाल द्यायची, मी बोलून ठेवलंय. शालीचं नाव ऐकून धम्मशीलाचा जीव क्षणभर हरखला, खोटं कशाला बोला. सगळा समाज बसलेला, आपण पुढं, नाव पुकारलं जातंय. तिनं मयुरीकडं पाहिलं. मयुरी खाली मान घालून भाकरी मोडत होती. हसत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. तिची ती गप्प मान धम्मशीलाला सहन होईना. आता ही शाल पांघरली तर जन्मभर या पोरीच्या मेहेरबानीवर जगावं लागेल.

"बाबा, मले कवा सापडली ती चूक, मालूम हाय का?" ती म्हणाली. "मयुरीनं मशीनवर लावाले देल्ली, त्याच दिवशी."

"त्याच दिवशी!" दयारामांनी मांडीवर थाप मारली. "पाह्यलं, देवानंद? त्याच दिवशी!"

प्रेमानंदचा हात मात्र ताटात थांबला. ते मशीन त्यानंच त्या दिवशी उचलून टेबलावर ठेवून दिलं होतं. उन्हाळ्याचे दिवस होते. तो बायकोकडं पाहतच राहिला. पण बोलली रुख्मिणी. तिला ना बिट कळत होतं, ना जीबी.

"त्याच दिवशी सापडली, तर मंग सांगितलं कवा?"

दयारामांचं हसू तोंडावरच राहिलं.

"नाही सांगितलं, आई. जळत होती मी हिच्यावर." धम्मशीला थांबली नाही. "माह्या जळण्यापायी कोन्या गावच्या म्हाताऱ्या माणसाईचे आवाज गेले. ते नाही येत आता वापस. हिनं मले झाकलं, त्याच्यावरबी जळली. शाल मले नको. अन् आतायबी जळून राह्यली मी, सरळ सांगते."

मयुरी उठली. हात धुतले, पदराला पुसले. दारापाशी जाऊन ती वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच राग दिसला, आणि तो पाहून धम्मशीलाला, का कोण जाणे, जरा बरं वाटलं.

"पुढच्या बारीले त्याच दिवशी सांगजा, ताई," मयुरी म्हणाली. "मंग जळाचं तेवढं जळजा."